एक ग्रेड वरचं पोलाद

मुलीच्या हातात सात आठवडे उरले होते तेव्हा मला कळलं, की तिचे आधीचे आठ महिने माझ्यामुळे वाया गेले आहेत. जसं झालं तसं लिहितो.

मी चाकणच्या एका कारखान्यात आवक तपासणीला आहे. बाहेरून जे सुटे भाग येतात ते मोजायचे, ड्रॉइंगशी ताडून पाहायचे, बसले तर आत घ्यायचे, नाही बसले तर परत पाठवायचे. सत्तावीस वर्षं हेच काम. राहायला चिखलीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात मी, बायको आणि मुलगी. मुलगी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी काम करते. सकाळी साडेसातला निघते, दोन बस बदलून जाते आणि संध्याकाळी तशीच परत येते.

तिचा विषय जिवाणूंचा. आमच्या गावाकडे, चाकणच्या पुढे, बाजरीच्या बियाण्याला चोळायला जिवाणू खताची पाकिटं मिळतात. त्या पाकिटातला हा जिवाणू. हवेत नत्र भरपूर असतो, पण पिकाला तो तसाच्या तसा घेता येत नाही. हा जिवाणू तो पकडतो आणि त्याचा अमोनिया करतो. कारखान्यात हेच करायला भट्टीसारखी उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू ते बांधावरच्या मातीत, साध्या तापमानाला करतो. इथवर मला शाळेपासून माहीत होतं. तो ते कशाच्या जोरावर करतो, हे मुलीनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

तिनं सांगितलं तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी असते, आणि त्या दिवशी ती सर्दीमुळे घरी होती. तिनं माझ्या एका जुन्या तपासणी तक्त्याच्या पाठीवर आकृती काढली. त्या जिवाणूच्या एका एन्झाइममध्ये, म्हणजे काम करणाऱ्या प्रथिनामध्ये, धातूंचा एक बारीक पुंजका असतो आणि नत्र फोडायचं खरं काम तिथं होतं. सात लोह, नऊ गंधक, एक मॉलिब्डेनम आणि बरोबर मधोमध एक कार्बन. मी मनातल्या मनात बेरीज केली, अठरा. शिवाय मॉलिब्डेनमच्या टोकाला एक सेंद्रिय आम्ल चिकटलेलं. मी विचारलं, हे सगळं तो जिथल्या तिथंच जोडतो का. ती म्हणाली, नाही, तीच तर गंमत आहे. एन्झाइम वेगळं तयार होतं आणि त्यात पुंजक्यासाठी जागा रिकामी ठेवलेली असते. पुंजका दुसरीकडे घडतो. आधी लोह आणि गंधकाचे लहान तुकडे होतात. मग एक प्रथिन असे दोन तुकडे घेऊन, मध्ये कार्बन घालून, त्यांचा एक गाभा करतं. त्यात आठ लोह असतात. हा गाभा दुसऱ्या एका प्रथिनावर जातो. त्याचं काम फक्त धरून ठेवायचं. तिथं आठातला एक लोह निघतो, त्याच्या जागी मॉलिब्डेनम बसतो, आम्ल चिकटतं. पूर्ण झालेला पुंजका मग उचलून मूळ एन्झाइमच्या रिकाम्या जागेत नेऊन बसवतात. आत जायला एक अरुंद वाट असते, पुंजका बसला की ती मिटते.

“म्हणजे फिक्स्चर,” मी म्हटलं. “जॉब धरायला वेगळं फिक्स्चर, त्यावर सब-असेंब्ली, आणि मग मेन बॉडीत फिटिंग.”

“पप्पा, आमच्याकडच्या नव्या मुलांना हे समजावायला मला दोन सेमिनार लागले असते,” ती म्हणाली. पण खूश झाली होती.

त्यानंतर मी ते सगळं लक्षात ठेवलं. चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये बसलो की सात, नऊ, एक, एक असं मनात म्हणायचो. तळहातावर न मावणाऱ्या गिअरबॉक्सच्या चार बोल्टांत आमच्याकडे एखादा राहून जातो आणि हा डोळ्यांना न दिसणारा प्राणी अठरा अणू एकही न चुकता जोडतो. आमच्या खात्यात मी हे दोघा-तिघांना सांगितलंही. एक जण म्हणाला, मग त्या जिवाणूलाच लावा राव लाइनवर, ओव्हरटाइमही मागणार नाही.

मुलीचा स्वतःचा प्रश्न याच्या पुढचा होता. मातीत मॉलिब्डेनम नसेल तर हा जिवाणू उपाशी मरत नाही. त्याच्याकडे दुसरी लाइन तयार असते, ती मॉलिब्डेनमऐवजी व्हॅनेडियम वापरते. तेही नसेल तर तिसरी, ती नुसत्या लोहावर चालते. पहिल्या दोन्ही लाइनींना पुंजका धरणारं आपापलं फिक्स्चर आहे. तिसरीला तसं वेगळं फिक्स्चर दिसत नाही. मग तो पुंजका पूर्ण कुठं होतो? हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी आधी तिसरी लाइन चालू व्हायला हवी. व्हॅनेडियम ती घालतच नव्हती, म्हणजे लाइन चालू व्हायची अट एकच उरली, आसपास मॉलिब्डेनम अजिबात नको. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम जरी असला तरी जिवाणू तो हुडकून काढतो आणि पहिलीच लाइन चालू ठेवतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

जानेवारीत तिच्या काचेच्या पात्रातला ढवळायचा दांडा वाकला. जिवाणू वाढवायला चार लिटर द्रव घेणारं ते पात्र होतं आणि मध्ये दोन पाती असलेला दांडा सतत फिरायचा. त्या दांड्यावर तो वाकण्याआधी तिनं दोन प्रयोग केले होते आणि तिसरी लाइन चालू झाल्याची पहिली चिन्हं दिसली होती. कंपनीकडून नवा दांडा यायला तीन महिने लागणार होते. ती म्हणाली, पप्पा, तुमच्या मित्राकडे होईल का. मी म्हटलं, दे ड्रॉइंग.

मित्र म्हणजे माझ्याच गावचा, एका बाकावर बसलेला. भोसरीत त्याचा टर्निंगचा वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. मुलीनं ड्रॉइंग छान केलं होतं. व्यास आठ मिलिमीटर, लांबी तीनशे दहा, पात्यांचा कोन, आणि खाली मटेरियल: स्टेनलेस ३०४. मी सगळी मापं वाचली आणि ३०४ वर थांबलो. ३०४ म्हणजे साधं स्टेनलेस, घरातल्या सिंकचं. त्याच्या वरचं ३१६, गंज कमी धरणारं, औषधाच्या कारखान्यात वापरतात ते. मला वाटलं, पोरीनं स्वस्तातलं लिहिलंय.

इथं आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. भोसरीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये घरचं काम आलं, म्हणजे कुणाच्या बहिणीच्या शिलाई मशीनचा शाफ्ट, कुणाच्या मंदिराच्या घंटेचा लोळा, तर त्याला मटेरियल एक ग्रेड वरचं लावतात. मागायचं नसतं, बोलायचं नसतं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला जे लिहिलंय ते, घरच्याला त्याच्यावरचं. मी मित्राला ड्रॉइंग दिलं आणि म्हटलं, तीनशे सोळा घाल. तो म्हणाला, ते काय सांगायला पाहिजे व्हय? पोरगी आपली हाय.

चार दिवसांत दांडा झाला. मी तो मोजला, व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक नव्हता. सळईचं रासायनिक चाचणीचं प्रमाणपत्र मित्राकडून मागून घेतलं, प्रत्येक घटकापुढे हिरव्या पेनानं खूण केली आणि फाइलला लावलं. मुलीच्या हातात दांडा दिला तेव्हा ग्रेडचं काही बोललो नाही. एक तर सांगण्यासारखं वाटलं नाही. आणि दुसरं, सांगितलं असतं तर केल्याचं बोलून दाखवल्यासारखं झालं असतं.

फेब्रुवारीपासून तिचं काम बिघडलं. बिघडलं म्हणजे उलटंच, जिवाणू फार छान वाढायला लागले. मॉलिब्डेनम नसताना ते कुढत वाढायला हवेत, आणि ते तर भराभर वाढत होते. तिसरं एन्झाइम तपासणीत दिसेना. तिनं ठरवलं, कुठून तरी मॉलिब्डेनम शिरतोय. पाणी बदललं. क्षार बदलले, मग दुसऱ्या देशातून मागवले. काचेची भांडी आम्लात रात्र रात्र भिजवली. दांडाही आम्लानं धुवायची, दर वेळी, नेमानं. संध्याकाळी घरी आली की जेवताना मला सांगायची आज काय काय बदललं. मी ऐकायचो आणि सल्ले द्यायचो. एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे दोष कुठं ते कळेल, असं मीच तिला शिकवलं. ती एकेक बदलत गेली. दांडा तिनं बदलला नाही, कारण दांडा मी तपासून दिलेला होता.

जुलैत तिच्या मार्गदर्शक बाईंनी आणि समितीनं तिला सांगितलं, की नोव्हेंबरअखेर तिसरी लाइन चालू झालेली दाखव, नाहीतर हा प्रश्न सोडून दे, आहे त्या कामावर खालची पदवी घे आणि बाहेर पड. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शक्य तेवढी मुदत दिली होती. पण मुलगी त्या दिवसापासून बारीक होत गेली. गणपतीत आरतीला उभी राहिली तरी तिचं ओठांशी काहीतरी वेगळंच चाललेलं असायचं. बायको म्हणाली, अहो, ही आकडे पुटपुटते, तुमच्यावर गेली. मी हसलो, पण मला ते बघवत नव्हतं. एकदा ती आईला म्हणाली, की तिच्या हातातच काहीतरी खोट असणार, कारण बाकी सगळं बदलून झालं. चाकणच्या एका खाद्यपदार्थाच्या कंपनीत तपासनीसाची जागा होती, तिकडे तिनं अर्जही लिहून ठेवला होता. पाठवला नव्हता.

दसरा झाल्यावरच्या गुरुवारी मी घरी होतो. मुलगी सकाळी जाताना पंधरा पानं देऊन गेली, समितीसाठीच्या अहवालाचा मसुदा. पप्पा, तक्त्यातले दशांश बघून ठेवा. असे तक्ते तपासायला मला आवडतात. चहा घेऊन गॅलरीत बसलो. दोन ठिकाणी दशांशचिन्ह सरकलं होतं, खूण केली. मग पद्धतीच्या पानावर आलो. पात्र कोणतं, किती लिटर, किती फेरे, आणि पुढे: ढवळण्याचा दांडा, ३०४ स्टेनलेस पोलाद, स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला.

मी पेननं ३०४ खोडलं आणि वर ३१६ लिहिलं. आकडा चुकीचा होता, म्हणून दुरुस्त केला. इतक्या सहज केला, की तीन-चार ओळी पुढे गेलो होतो. मग थांबलो. उठून कपाटातली फाइल काढली. प्रमाणपत्रावर रकाने होते, कार्बन, मँगॅनीज, सिलिकॉन, क्रोमियम, निकेल, आणि शेवटी मॉलिब्डेनम. त्याखाली २.०८ टक्के. त्यापुढे माझी हिरवी खूण. ३०४ आणि ३१६ यांत फरक कशाचा, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, वरच्या ग्रेडमध्ये दोन टक्के मॉलिब्डेनम घालतात. जन्मभर हे माहीत होतं. मुलीच्या तोंडून तो शब्द आठ महिने रोज ऐकत होतो. माझ्या डोक्यात तो पोलादातला शब्द एका खणात होता आणि जिवाणूतला दुसऱ्या.

मी हिशेब मांडला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. दांडा आणि पाती मिळून वजन एकशे पासष्ट ग्रॅम. त्यातला मॉलिब्डेनम सुमारे साडेतीन ग्रॅम. त्याचा एक लाखावा भाग जरी सुटला तरी चार लिटरमध्ये दर लिटरला आठ-नऊ मायक्रोग्रॅम. आणि ती दर वेळी तो आम्लानं धूत होती. पोलादाचा गुळगुळीत पृष्ठभाग आम्लानं खाल्ला जातो, हेही मला माहीत होतं. ती जितकी स्वच्छता पाळत गेली, तितका दांडा सुटत गेला असणार.

चहा तसाच राहिला. स्कूटर काढली आणि भोसरीला गेलो. आता लिहायला लाज वाटते, पण वाटेत मी मनापासून अशी आशा करत होतो, की मित्रानं मला फसवलेलं असावं. साधी सळई लावून वरच्या ग्रेडचं प्रमाणपत्र हातावर ठेवलं असावं. असं करणारे असतात. त्यानं केलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती.

सुट्टी असली तरी तो वर्कशॉपमध्येच होता, मशीनला तेल घालत. लेथवर त्याच्या कामगारांनी दसऱ्याला घातलेली झेंडूची माळ सुकून काळी पडली होती. मी विचारलं, जानेवारीतल्या त्या दांड्याला खरं काय लावलं होतंस. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

“राव, तुझ्या पोरीच्या कामाला मी हलका माल लावीन व्हय? माझीबी पोरगी हाय ती.”

तो आत गेला आणि त्याच सळईचा उरलेला तुकडा घेऊन आला. आमच्याकडे ग्रेड ओळखायची एक सोपी रीत आहे. पृष्ठभागावर एका रसायनाचा थेंब टाकायचा आणि नऊ व्होल्टची बॅटरी लावायची. मॉलिब्डेनम असेल तर डाग तपकिरी होतो. त्यानं थेंब टाकला. पाच सेकंदांत डाग तपकिरी झाला. बघ, म्हणाला, अजून राग होता आवाजात. मी खाली स्टुलावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याला जिवाणू, एन्झाइम काही कळलं नसेल, पण चांगल्या मालानं काम बिघडलं एवढं कळलं. त्यानं तो तुकडा फडक्यानं पुसला, बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, मी सांगतो पोरीला, माझ्यावर घे. मी म्हटलं, ड्रॉइंग माझ्याकडे आलं होतं.

आणखी एक गोष्ट मला घरी येताना आठवली. मार्चमध्ये, म्हणजे दांडा देऊन दोन महिने होत नाहीत तोच, मी भोसरीच्याच एका लहान पुरवठादाराचा चारशे पिनांचा माल परत पाठवला होता. त्यानं न विचारता वरच्या ग्रेडचं पोलाद लावलं होतं. तो केबिनमध्ये येऊन हात जोडत होता, साहेब, चांगलंच दिलंय की. मी त्याला म्हटलं होतं, चांगलं की वाईट ते ज्याला वापरायचंय तो ठरवणार. माल उचलून न्यायला त्याला दोन खेपा कराव्या लागल्या. त्या दिवशी मी शांत झोपलो होतो.

बायकोला सांगितलं. ती धुतलेले कपडे घड्या करत होती. घडी तशीच हातात धरून म्हणाली, “मी नाही सांगणार हं. तुम्हीच सांगा. आणि जेवायच्या आधी सांगा, जेवण झाल्यावर सांगितलंत तर तिला वाटेल थांबून राहिला होतात.”

मुलगी साडेसातला आली. चप्पल काढली, पाणी प्यायली. मी मसुद्याचं ते पान आणि प्रमाणपत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं आधी खोडलेला आकडा पाहिला, मग रकान्यातला शेवटचा. तिला समजायला माझ्यापेक्षा फार कमी वेळ लागला. ती खुर्चीत बसली. तिनं विचारलं हे कधीपासून, आणि मी म्हटलं पहिल्या दिवसापासून. मी ३०४ लिहिलं होतं, ती म्हणाली. मी म्हटलं, हो. मला वाटलं तू स्वस्तातलं लिहिलंस.

“विचारायचं ना पप्पा मला.” आवाज चढला नव्हता. “एक फोन. मी सांगितलं असतं, तीनशे चारच का ते.”

मी प्रमाणपत्राची घडी घालायला घेतली, ते तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

“दुसऱ्या कुणी दिला असता असा पार्ट, तर तुम्ही काय केलं असतं?”

“रिजेक्ट.”

“मग?”

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. बायकोनं ताट वाढून आत नेलं, ते बऱ्याच वेळानं निम्मं परत आलं. आतून रडण्याचा आवाज आला. मला वाटलं होतं ती आठ महिन्यांसाठी रडतेय. बायको म्हणाली, नाही. ती म्हणतेय, माझ्या हातात खोट नव्हती, आई. हेच परत परत म्हणतेय.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. नवा दांडा तिनं पुण्यातल्या एका काचकाम करणाऱ्याकडून करवून घेतला, काचेचा, टेफ्लॉनची पाती लावलेला. मला ड्रॉइंग दाखवलं नाही. मी मागितलंही नाही. तिनं माझ्याकडून एकच गोष्ट घेतली. एका कागदावर काय मागितलं होतं, काय दिलं, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहून सही करून द्यायचं, बाईंना दाखवायला. मी तीनदा लिहिला. पहिल्यात मी आमची ती घरच्या कामाची पद्धत समजावून सांगितली होती, पाऊण पान. तिनं ते वाचलं आणि एक रेघ मारून काढून टाकलं. म्हणाली, हे खरं आहे, पण याचा त्यांना उपयोग नाही. शेवटी पाच ओळींचा कागद राहिला.

बाईंनी तो वाचून काय म्हटलं, ते मला तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्यांनी दांडा मागवून घेतला, खिडकीपाशी धरला आणि म्हणाल्या, फिनिश मात्र सुंदर आहे गं. त्यावर दोघी हसल्या म्हणे, आणि मग कामाला लागल्या.

काचेच्या दांड्यावर पहिली फेरी वाया गेली. आधीच्या जिवाणूंच्या पोटात मॉलिब्डेनम साठलेला असतो. जमेल तेव्हा ते तो साठवून ठेवतात, आणि तो सरायला त्यांना पुष्कळ पिढ्या उपाशी वाढवावं लागतं. त्यात तीन आठवडे गेले. मी विचारत नव्हतो, पण तिसऱ्या आठवड्यात तिनं जेवताना आपणहून सांगितलं, वाढ आज फार हळू आहे. द्रवाचा गढूळपणा मोजतात त्याचा आकडा तिनं सांगितला, ०.१८. पूर्वी याच वेळेला ०.९ असायचा. आयुष्यभर मी आकडा कमी आला की कपाळाला आठ्या घालत आलो. त्या दिवशी ०.१८ ऐकून मी ताटावरून उठून हात धुवायला गेलो आणि नळ नुसताच सोडून उभा राहिलो. बायको म्हणाली, अहो, पाणी.

समितीच्या बैठकीला नऊ दिवस राहिले असताना तिसरं एन्झाइम दिसलं. फिकट होतं, पण होतं. तिनं लगेच दुसऱ्यांदा करून पाहिलं, तेव्हाही दिसलं. तिसऱ्या लाइनीला फिक्स्चर आहे की नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं. फक्त लाइन चालू झाली होती. समितीनं तिला आणखी एक वर्ष दिलं. माझ्या पाच ओळींचा कागद तिनं अहवालाला जोडला होता, आणि आठ महिन्यांचे सगळे आकडेही, गाळून न टाकता, वर खरं मटेरियल लिहून. एका सदस्यानं विचारलं म्हणे, की एवढ्या थोड्या मॉलिब्डेनमनं एवढा फरक पडतो याचे इतके मोजलेले आकडे इथं आहेत, हे वेगळं छापणार का. ती म्हणाली, बघते. तो अर्ज तिनं फाडला की नाही, मी विचारलेलं नाही.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी ती म्हणाली, चला माझ्याबरोबर. तीन वर्षांत मी तिची प्रयोगशाळा पाहिली नव्हती. दोन बस बदलून गेलो. तिनं मला एका पारदर्शक पेटीपाशी नेलं, आमच्या घरच्या दिवाणाएवढी असेल. आत ऑक्सिजन अजिबात नसतो, कारण हे पुंजके हवा लागली की काही मिनिटांत मोडतात. पेटीला पुढून काळे, जाड, लांब हातमोजे लावलेले, आणि आतल्या दाबानं ते फुगून बाहेर आलेले, कुणीतरी दोन हात पुढे केल्यासारखे.

“हात घाला,” ती म्हणाली. “काही हलवू नका फक्त.”

मी घड्याळ काढलं आणि हात घातले. शेजारच्या दुसऱ्या जोडीत तिनं घातले. तिनं एका लहान नळीतला थेंबभर द्रव माझ्या बोटांसमोर धरला. तपकिरी होता, कोऱ्या चहासारखा. तो रंग पुंजक्यांचा. लोह आणि गंधकाचा. तिसऱ्या लाइनीचा. मी श्वासही जपून घेत होतो, काचेच्या अलीकडून त्याला काही होणार नव्हतं तरी.

मी विचारलं, या जिवाणूची कधी चूक होते का. चुकीचा धातू बसवतो का कधी. ती म्हणाली, बसवतो ना. टंगस्टन दिला तर तो मॉलिब्डेनम समजून घेतो. सारखाच दिसतो त्याला. सगळं नीट जोडतो, फिक्स्चरवर धरतो, नेऊन बसवतो. फक्त ते चालत नाही.

“मग?”

“मग काय, उपाशी राहतो. त्याला कुणी सांगणारं नसतं.” तिनं नळी स्टँडमध्ये परत ठेवली, बूच दाबून पाहिलं. “आता हात काढा. हळू, एकेक. ओढलेत तर हातमोजा उलटा होऊन बाहेर येतो, आणि मग मला अर्धा तास लागतो तो सरळ करायला.”

मी आधी डावा काढला, मग उजवा. तिनं दोन्ही हातमोजे नीट आहेत ना ते पाहिलं आणि मला घड्याळ दिलं.